वसईच्या घरातली नाताळची तयारी: नाचणी पेरण्यापासून तीन राजांपर्यंत

नाताळच्या गोठ्यात, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यात, गवत म्हणून लावायची नाचणी १२ डिसेंबरच्या रात्री भिजत घाला. बाकीचं सगळं दोन दिवस मागेपुढे झालं तरी निभावतं, पण नाचणीला उगवायला जेवढे दिवस लागतात तेवढे लागतातच.

माझं माहेर आणि सासर दोन्ही वसईचंच, गावात एका आळीतून दुसऱ्या आळीत आले एवढंच. माझी भाची यंदा पहिल्यांदा स्वतःच्या घरी नाताळ करते आहे, पुण्यात, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. महिनाभर तिचे फोन चालू आहेत. मावशी, गोठ्याला गवत कुठून आणू? मावशी, कुलकुले उकलतात का गं? (कुलकुले म्हणजे मैद्याचे, शिंपल्यासारखे वळून तळलेले गोड.) तिला सांगितलेलं सगळं इथे एका जागी लिहिते आहे, म्हणजे तिच्यासारख्या आणखी कुणाला हवं असेल तर उपयोगी पडेल.

गोठ्यातलं गवत

दीड वाटी नाचणी घ्या. साधी, अख्खी, वाण्याकडची. भाजलेली किंवा सत्त्वासाठी तयार केलेली नको, ती उगवत नाही. रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी निथळून घ्या आणि ओल्या फडक्यात बांधून एक दिवस ठेवा. मोड डोळ्यांना दिसायला लागले की पेरायची.

पसरट ट्रे किंवा जुनी परात घ्या. तळाशी गोणपाटाची दुहेरी घडी भिजवून अंथरा आणि वर बोटभर चाळलेली माती पसरा. फ्लॅटमध्ये माती नसेल तर नुसत्या गोणपाटावरही उगवते, फक्त ते सुकू द्यायचं नाही. नाचणी दाट टाका, दाण्याला दाणा लागला पाहिजे. विरळ टाकलीत तर गवत न दिसता टक्कल दिसतं. वरून ओलं फडकं झाका. दोन दिवसांनी पांढरे कोंब फडकं उचलायला लागतात, तेव्हा ते काढून ट्रे उजेडात ठेवा. पाणी ओतायचं नाही, हाताने शिंपडायचं, सकाळ-संध्याकाळ. रोपं खिडकीकडे झुकतात, म्हणून ट्रे रोज अर्धा फिरवायचा.

२४ तारखेपर्यंत तीन-चार बोटं उंच, कोवळं, पोपटी गवत तयार होतं. एका वर्षी मी हौसेने १ डिसेंबरलाच पेरली होती. विसाव्या दिवशी ती लांब वाढून आडवी झाली, मुळाशी पिवळी पडली आणि वास मारायला लागली. शेवटी जावेने तिच्या ट्रेमधला अर्धा तुकडा कापून दिला, गोणपाटासकट, गालिच्यासारखा. तेव्हापासून तारीख ठरलेली आहे. उशीर झाला असेल तर नाचणीऐवजी गहू पेरा. तो भरभर वाढतो, १७-१८ तारखेला टाकला तरी पुरतो. पण गव्हाची पात रुंद असते, मेंढरांच्या मूर्तींपुढे ती उसासारखी दिसते. मला नाचणीच आवडते.

तारा

ताऱ्यावर मी फार लिहीत नाही, कारण दिवाळीचा आकाशकंदील ज्याने घरी केला आहे त्याला तारा जमतोच. दोन-दोन फुटांच्या दहा कामट्या घ्या. पाचांची एक चांदणी बांधा, पाचांची दुसरी. दोन्ही एकमेकींवर ठेवून पाची टोकं सुतळीने आवळा. मग आत, कामट्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे, पाच-पाच इंचांचे पाच तुकडे उभे अडकवा. तारा लगेच पोट फुगवतो. पतंगाचा कागद मैद्याच्या खळीने लावा आणि एक बाजू दिवा बसवायला उघडी ठेवा. दिवा छोटा एलईडीच घ्या, जुना तापणारा बल्ब नको.

तारा आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, म्हणजे नाताळाच्या आधीच्या चौथ्या रविवारी लागतो. आमच्या आळीत संध्याकाळी एकापाठोपाठ एक तारे पेटायला लागले की समुद्राकडून येणारा वारासुद्धा वेगळा वाटतो.

गोठा

गोठा मांडण्याची रीत इटलीतल्या ग्रेच्चो गावी असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली सुरू केली असं मानतात. आमच्याकडे चर्चने आणि शाळांनी गोठ्यांच्या स्पर्धा ठेवून ती चांगली जोमात ठेवली आहे. स्पर्धेचे गोठे मोठे असतात, त्यात कारंजी असतात, फिरणारी चक्की असते. मुलं रात्र-रात्र जागून ते करतात आणि ते बघायला मलाही आवडतं. पण घरातला गोठा घरातल्यांनी हाताने करावा. त्याला एक टेबल किंवा एक कोपरा पुरतो.

डोंगर करायला जुनं गोणपाट पातळ चिखलात बुडवा, पिळून घ्या आणि विटांवर किंवा उलट्या ठेवलेल्या डब्यांवर चुरगाळून टाका. तीन दिवसांत ते वाळून दगडासारखं दिसतं. म्हणून हे काम २० तारखेच्या आत करायचं. फ्लॅटमध्ये चिखल नको असेल तर तपकिरी कागद चुरगाळून त्यावर चहाचं गार पाणी शिंपडा. रंग बरोबर येतो आणि घर घाण होत नाही.

झोपडीला चार काठ्या आणि वर पेंढा. डिसेंबरात भाताची कापणी-झोडणी उरकलेली असते, त्यामुळे आमच्याकडे पेंढा भरपूर. पुण्यात भाचीला तो मंडईत फळांच्या पेट्यांतून मिळाला. फळवाल्याने फुकट दिला. पेंढा एक दिवस उन्हात घालायचा, नाहीतर त्यातून किडे निघतात. दिव्यांची माळ पेंढ्याला टेकू द्यायची नाही आणि गोठ्यात मेणबत्ती कधीच लावायची नाही.

आरशाचा तुकडा ठेवून तळं करतात. आमच्या घरात त्या आरशाला बावखल म्हणतात. वसईच्या वाड्यांमध्ये पावसाचं गोडं पाणी साठवणारी जी तळी असतात ती बावखलं. आमच्या वाडीतलं सासऱ्यांनी जपलं होतं, त्याच्या काठावर केळी आणि अळू होतं. आता गावातली बरीच बुजली. सासरे दरवर्षी आरशाच्या कडेला अळूच्या पानाचे छोटे तुकडे टोचायचे. येशू जन्मला त्या बेथलेहेमात अळू असेल का, असं मुलांनी विचारलं तर म्हणायचे, "बाळ आपल्याकडे येणार आहे ना? मग आपल्याकडचं दाखवायला नको?" मीही अळू लावते. तुम्ही जिथे राहता तिथलं काहीतरी तुमच्या गोठ्यात जरूर ठेवा.

मूर्ती मांडायचा क्रम लक्षात ठेवा. मरिया, योसेफ, गाय, गाढव, मेंढपाळ २४ तारखेच्या संध्याकाळपर्यंत मांडून होतात. गव्हाण मात्र रिकामी. बाळ कपाटात. चर्चमधल्या रात्रीच्या प्रार्थनाविधीहून, म्हणजे मिस्सेहून, घरी आलो की घरातलं सगळ्यात लहान माणूस बाळाला गव्हाणीत ठेवतं, आणि तोपर्यंत कुणी केक कापत नाही. बाळाच्या भेटीला येणाऱ्या तीन राजांना गोठ्यापासून जितकं लांब ठेवता येईल तितकं ठेवा. आमच्याकडे ते टीव्हीच्या कपाटावरून निघतात. मुलं त्यांना रोज वीतभर पुढे सरकवतात आणि ते तीन राजांच्या सणाला गोठ्यात पोचतात. हे काम एखाद्या मुलावर सोपवून बघा, सुट्टीतसुद्धा ते न सांगता लवकर उठतं.

कुलकुल्यांची रात्र

करंज्यांसारख्या नेवऱ्या, काजूचं मार्झिपान, मिल्क क्रीम, पेरूचं चीज हे सगळं गोडधोड एकटीने करता येतं. मी मार्झिपान दुपारी रेडिओ लावून निवांत करते. कुलकुले एकटीने करू नका. अर्धा किलो मैद्याचे शेकड्यांनी कुलकुले होतात, एकेक हाताने वळायचा असतो, आणि एकट्या माणसाची मान मोडते. कमीत कमी चार जणं बसवा. १९ किंवा २० तारीख धरा, म्हणजे शाळेला सुट्टी लागत आलेली असते आणि कुलकुले नाताळपर्यंत ताजे राहतात.

माझं माप असं आहे. मैदा अर्धा किलो, बारीक रवा १०० ग्रॅम, पिठीसाखर १२५ ग्रॅम, साजूक तूप तीन मोठे चमचे, पाव चमचा मीठ आणि एका नारळाचं पहिलं घट्ट दूध. अंडी घालायची असतील तर दोन घाला आणि नारळाचं दूध तितकं कमी करा. तूप कडकडीत तापवून मैदा-रव्यावर ओता, चमच्याने ढवळा आणि कोमट झालं की दोन्ही तळव्यांत चोळा. मूठ आवळली की मुटका झाला पाहिजे. मग साखर, मीठ आणि थोडं-थोडं दूध. पीठ पुरीच्या पिठाइतकं घट्ट हवं. नारळाचं दूध सगळं एकदम ओतू नका, साखर विरघळली की पीठ आपोआप सैल होतं. ओलं फडकं झाकून दीड तास ठेवा. रवा फुगायला तेवढा वेळ लागतो.

आता वळणं. आम्ही जमिनीवर चटई टाकतो, मध्ये वर्तमानपत्र आणि त्यावर धुतलेलं पांढरं कापड. प्रत्येकाच्या हातात एक काटा. पूर्वी घरात फक्त याच कामासाठी ठेवलेली नवी फणी असायची. आजीची लाकडी फणी अजून माझ्याकडे आहे, तिचे दोन दात पडले आहेत, त्यामुळे तिच्यावर वळलेला कुलकुला लगेच ओळखू येतो. मुलं तोच शोधून खातात.

आवळ्याहून लहान गोळी घ्या. काट्याच्या पाठीला तुपाचं बोट लावा, गोळी दातांवर ठेवा आणि अंगठ्याने दाबत पसरा. पातळ, पण पारदर्शक नाही. मग टोकापासून स्वतःकडे गुंडाळत आणा. शिंपल्यासारखी नळी होते, वर काट्याच्या रेघा उठतात. शेवटची कड बोटाने नीट दाबून चिकटवा. कुलकुले तेलात उकलतात ते याच कडेमुळे. पीठ कोरडं पडून कड चिकटत नसेल तर दुधाचं बोट लावा. वळलेले कुलकुले कापडाखाली झाका. आणि लहान मुलांनी वळलेले वेडेवाकडे बाजूला काढू नका. त्यांना पुढच्या वर्षी पुन्हा बसायचं आहे.

या रात्री ज्या गोष्टी निघतात त्या एरवी निघत नाहीत. हात गुंतलेले असल्यामुळे कुणी फोन उचलत नाही. माझ्या आईने तिच्या लग्नात पावसाने मांडव कसा पडला ते मला कुलकुले वळतानाच सांगितलं, आणि माझ्या मुलाने नोकरी सोडायचं ठरवलं आहे हेही तो कुलकुले वळतानाच बोलला. मान खाली, काट्याकडे बघत.

तळताना आच मध्यम. पीठाचा कण टाकला की त्याने दोन क्षण तळाशी थांबून वर यावं, इतकंच तेल तापलेलं हवं. तेल जास्त तापलं तर कुलकुले बाहेरून लाल होतात, आत कच्चे राहतात आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडतात. सतत हलवत फिकट बदामी रंगावर काढा. बाहेर काढल्यावर रंग आणखी चढतो. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, वाफ धरते.

पाकातले हवे असतील तर पाव किलो साखरेला अर्धी वाटी पाणी, दोन तारी पाक. गॅस बंद करून कुलकुले टाका आणि साखर पांढरी सुटेपर्यंत हलवत राहा. माझ्या घरी निम्मे पाकातले, निम्मे साधे. मला साधेच आवडतात, त्यात नारळाची चव लागते.

ताटं

कुलकुल्यांचं पीठ भिजवण्याआधी ताटांचा हिशेब करा. दिवाळीत ज्यांच्याकडून आपल्याला फराळ आला त्यांना नाताळचं ताट जातं. त्यांतली काही घरं अंडं खात नाहीत. म्हणून मी पहिला घाणा बिनअंड्याचा करते, नव्या तेलात, आणि त्याच्या डब्यावर चिठ्ठी लावते. शेजारणीला ताट देताना "यात अंडं नाही हं" असं आपणच सांगावं, तिला विचारायला लावू नये. केक आणि मार्झिपान वेगळ्या वाटीत असतील तर ज्याला जे चालतं ते तो घेतो. मार्झिपानात काही जण अंड्याचा पांढरा बलक घालतात. मी घालत नाही. काजूची पूड आणि साखर समसमान घेतली की घट्ट होतंच.

ज्या घरात त्या वर्षी माणूस गेलं असेल तिथे गोड करत नाहीत. आमच्या आळीत त्या घरी ताट सगळ्यांच्या आधी जातं. माझे सासरे नोव्हेंबरात गेले त्या वर्षी मी कढई काढलीच नव्हती. तारा नाही, काही नाही. गोठा फक्त मुलांनी केला, आजोबांसारखं अळू लावून. २३ तारखेला सकाळी दारात पहिलं ताट आलं आणि संध्याकाळपर्यंत ओट्यावर अकरा ताटं झाली. प्रत्येकीचे कुलकुले वेगळे, कुणाचे जाड, कुणाचे लांबट. मला हातावरून माणसं ओळखता येत होती. तुम्ही नव्या गावात असाल, शेजारी अशी परंपरा नसेल, तरी अशा घराचं दार वाजवायला संकोच करू नका.

२४ ची रात्र आणि फुगे

नाताळ हा शब्द पोर्तुगीज ‘नाताल’वरून आला. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांकडे होती, नंतर चिमाजीअप्पांनी ती घेतली. शब्द राहिला, आणि सणाच्या सकाळी फुगे करायची आमची रीतही पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. फुगे म्हणजे मैद्याचे आंबवलेले, तळलेले, आतून पोकळ गोळे. मटणाच्या किंवा डुकराच्या मटणाच्या रश्श्याबरोबर ते खायचे. पूर्वी पीठ ताडीने आंबवत, आता यीस्ट.

मिस्सेला निघण्याआधी पीठ भिजवून ठेवा. अर्धा किलो मैदा, एक अंडं, दोन चमचे साखर, एक चमचा मीठ, अर्धाच चमचा यीस्ट (रात्रभर ठेवायचं आहे, जास्त घातलं तर आंबट होतं) आणि कोमट केलेलं नारळाचं पातळ दूध, दीड ते दोन वाट्या. हे पीठ मळायचं नाही, फेटायचं. एका हाताने, एकाच दिशेने, दहा मिनिटं, भांड्याच्या कडेला पटापट आपटत. ते चिकट आणि लवचिक झालं पाहिजे, हात वर उचलला की तार निघाली पाहिजे. मोठ्या भांड्यात झाकून ठेवा, कारण ते दुप्पट होतं.

सकाळी हात पाण्यात बुडवून मूठभर पीठ घ्या आणि मूठ आवळा. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधून लिंबाएवढा फुगा वर येतो, तो ओल्या चमच्याने किंवा दुसऱ्या हाताच्या बोटांनी तोडून तेलात सोडा. तेलात पडला की तो स्वतःच गिरकी घेतो. पहिले पाच-सहा शेपटीवाले होतात, त्यात काही बिघडत नाही.

मिस्सेच्या वेळा आता बदलल्या आहेत. रात्री १० नंतर लाउडस्पीकरवर बंधनं आल्यामुळे बऱ्याच ठिकाणी ती मध्यरात्रीच्या बरीच आधी सुरू होते. चर्चच्या फलकावर वेळ बघून ठेवा आणि अर्धा तास आधी जा. आमच्याकडे मिस्सा मैदानात असते आणि दंव पडतं. म्हाताऱ्या माणसांसाठी शाल आणि कानटोपी घ्या, लहान मुलांना आधी दोन तास झोपवा. पापनिवेदन, म्हणजे धर्मगुरूंजवळ पापांची कबुली, २४ तारखेवर ढकलू नका, रांग फार मोठी असते. आदल्या आठवड्यात एखाद्या संध्याकाळी शांतपणे करून या.

आवराआवर

तीन राजांचा सण ६ जानेवारीचा, पण आपल्याकडे तो जवळच्या रविवारी साजरा करतात. तोपर्यंत गोठा राहू द्या, २६ तारखेलाच मोडू नका. नाचणीला पाणी मारत राहिलात तर ती तितके दिवस टिकते. नंतर गोणपाटासकट झाडाच्या मुळाशी घाला. मी केळीला घालते.

मूर्ती ओल्या फडक्याने पुसू नका, प्लास्टरचा रंग जातो. मऊ ब्रशने धूळ झटका आणि एकेक वर्तमानपत्रात गुंडाळा. बाळाला वेगळ्या छोट्या डबीत, कापसात ठेवा आणि डबी खोक्यात सगळ्यात वर. २४ च्या रात्री सगळे दाटीवाटीने उभे असतात आणि खोक्याच्या तळाशी बाळ शोधावं लागतं, हे मी एकदा केलं आहे. खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेनाने लिहून ठेवा: नाचणी कधी भिजवली, किती उंच झाली, मैदा किती लागला, किती ताटं गेली. माझ्या झाकणावर आता जागा उरलेली नाही, म्हणून यंदा मी खोक्याच्या बाजूवर लिहायला सुरुवात करणार आहे.